कॅम्पर व्हॅनला जोडायचा तंबू घरच्या घरी, कमी खर्चात

व्हॅनमध्ये दोन माणसं मजेत झोपतात, पण पाऊस लागला की चिखलाचे बूट कुठे काढायचे, ओले रेनकोट कुठे टांगायचे आणि खुर्ची टाकून बसायचं कुठे हा प्रश्न येतोच. तयार ऑनिंग, म्हणजे गाडीला जोडायचा असा तंबू, विकत घ्यायला गेलं तर किंमत बघून माणूस गुपचूप मोबाईल खाली ठेवतो. म्हणून हा लेख. शिवणकाम थोडंफार येत असेल, किंवा घरात कोणाला येत असेल, तर गाडीच्या बाजूला जोडायचा चांगला तंबू घरी होतो आणि तो टिकतोही.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लोक कापडावर फार विचार करतात, कुठलं घ्यावं, किती जाड, कुठला रंग वगैरे, पण असे तंबू कापडामुळे फार क्वचित फसतात. ते फसतात दोन ठिकाणी, एक म्हणजे कापड गाडीला जिथे जोडलंय तिथे आणि दुसरं म्हणजे पाण्याला निघून जायला वाट ठेवली नाही तिथे. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर कापडावर वाचवा, जोडावर आणि दोऱ्यांवर नको.

काय बनवायचं ते आधी ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला नुसतं छप्पर, म्हणजे सरकत्या दरवाज्यावरून पुढे आलेलं एक कापड आणि दोन खांब. दुसरा डिकीचा तंबू, मागचा दरवाजा वर उचलून त्यावरून घेतलेलं कापड. हा करायला सगळ्यात सोपा आहे पण मागचा दरवाजा वर उघडणारा असला तरच, दोन बाजूंना उघडणारी दारं असतील तर विसरा. तिसरा म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी खोली, जी मागे सोडून गाडी घेऊन फिरून यायचं आणि परत जोडायची.

माझं मत विचाराल तर छप्पर आधी बनवा आणि भिंती नंतर अडकवता येतील अशी सोय ठेवा. नुसत्या छपराने बरंचसं काम भागतं, ते चटकन लागतं, चटकन निघतं, आणि एकदा वापरून बघितलं की भिंत कुठल्या बाजूला हवी, दार कुठे हवं हे आपोआप कळतं. स्वतंत्र उभी राहणारी खोली हवी असेल तर तिला स्वतःचा सांगाडा लागतो, म्हणजे खांब दोनाऐवजी निदान चार, आणि गाडीशी फक्त एक अर्ध्या-पाऊण मीटरचा कापडी बोगदा. ते पहिल्याच फटक्यात करायला जाऊ नका. पुढचं सगळं छप्पर अधिक सुट्या भिंती धरून लिहितोय.

मापं

गाडी सपाट जमिनीवर उभी करा, नेहमीचं सामान आत असू द्या कारण रिकामी गाडी थोडी उंच उभी राहते. सरकता दरवाजा पूर्ण उघडा, ड्रायव्हरचा दरवाजा पण उघडून बघा, आणि मास्किंग टेपने गाडीवर खुणा करा की छप्पर कुठून कुठपर्यंत येणार. पुढचा दरवाजा छपराच्या कापडात अडकता कामा नये, रात्री अचानक गाडी हलवायची वेळ आली तर तो उघडायला हवा.

आता हिशोब. समजा गाडीवरची जोडाची उंची २१० सेमी आहे, बाहेरचे खांब १७० सेमी ठेवायचे आहेत आणि छप्पर जमिनीवर मोजून २४० सेमी बाहेर यायला हवं. म्हणजे उतार ४० सेमीचा. तिरप्या कापडाची लांबी काढायला २४० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, उत्तर येतं २४३ सेमीच्या जरा वर. बघा, उतारामुळे कापड फक्त तीनेक सेमी जास्त लागतं, बरेच जण उगाच अर्धा मीटर जास्त घेतात. त्यात गाडीकडच्या बाजूला मुडपायला ६ सेमी आणि बाहेरच्या कडेला ४ सेमी धरा, झालं.

उतार किती ठेवायचा? दर सहा सेमीला निदान एक सेमी खाली, वरच्या उदाहरणात तेवढाच आहे. यापेक्षा सपाट ठेवलं की कापडाला झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. मीटरभर रुंद आणि मधोमध १० सेमी खोल असा झोळ पडला तर त्यात चाळीसेक लिटर पाणी मावतं, आणि तेवढ्या वजनाने कापड अजून ताणतं, झोळ अजून खोल होतो, अजून पाणी येतं, आणि मग खांब वाकतो नाहीतर जोड सुटतो.

गाडी बुटकी असेल, जोड १८५ च्या आसपास येत असेल, तर वरचा उतार दिल्यावर बाहेरच्या टोकाला मान वाकवून उभं राहावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे कॅरियरवर आडवा पाइप बांधून जोडच १०-१५ सेमी वर नेणं, किंवा छप्पर कमी बाहेर काढणं. बाहेरची कड गाडीपेक्षा उंच ठेवायच्या मोहात पडू नका. पाणी मग गाडीकडे येतं, आणि उघड्या दरवाज्यातून थेट गादीवर.

कापड आणायच्या आधी जुनी चादर घ्या किंवा दोन चादरी सेफ्टी पिनांनी जोडा आणि गाडीवर खरोखर टांगून बघा. खाली खुर्च्या टाका, दरवाजा उघडझाक करा. कागदावर २४० सेमी खूप वाटतं पण दोन खुर्च्या आणि टेबल मांडलं की ते जेमतेम आहे हे तिथल्या तिथे दिसतं.

गाडीला जोडायचं कसं

इथे वेळ द्या. गाडीवर काय काय आहे त्यावर पद्धत ठरते.

छताच्या कडेला बाहेर आलेली पन्हळ असेल, जुन्या गाड्यांना असायची, फोक्सवॅगनच्या टी२ किंवा टी३ सारख्या व्हॅनना अगदी ठळक आहे, तर तुमचं नशीब चांगलं. पन्हळीवर दाबून बसणारी रबर-प्लास्टिकची पट्टी मिळते आणि तिला बाहेरच्या बाजूला दोरी सरकवायची खाच असते.

पन्हळ नसेल आणि तुम्हाला कायमची सोय हवी असेल तर ऑनिंग रेल, म्हणजे अॅल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्यात आडवी खाच, आणि कापडाच्या कडेत शिवलेली दोरी त्या खाचेत एका टोकाकडून सरकवायची. पूर्ण लांबीवर ताण वाटला जातो, मध्ये फट राहत नाही, पाणी आत येत नाही, त्यामुळे पद्धत म्हणून हीच सगळ्यात उत्तम. रेल बसवताना छताला भोकं पाडू नका, प्रत्येक भोक म्हणजे पुढे गंज आणि गळती. पॉलियुरेथेनचा गाड्यांसाठीचा चिकटवायचा सीलंट वापरा, आधी जागा स्वच्छ धुऊन अल्कोहोलने पुसा, आणि सुकायला डब्यावर लिहिलाय तेवढा पूर्ण वेळ द्या, बोटाला चिकटत नाही म्हणजे आतून सुकलं असं नसतं. कॅरियर असेल तर रेल सरळ त्याच्या आडव्या दांड्यांना यू-बोल्टने कसता येते, मग चिकटवाचिकटवी नकोच.

सगळ्यात स्वस्त पद्धत कॅरियरवर पाइपची. २५ मिमीचा अॅल्युमिनियमचा पाइप गाडीच्या लांबीला समांतर, कॅरियरच्या दांड्यांच्या बाहेरच्या टोकांना पट्ट्यांनी घट्ट बांधायचा. कापडाला त्या मापाची लांब खोळ शिवायची आणि पाइप तिच्यातून घालायचा. एकच अडचण, पाइप आणि गाडीचं छत यांच्या मधल्या फटीतून पाणी टपकतं, आणि ते नेमकं दरवाज्यात. म्हणून खोळीच्या पलीकडे ३०-४० सेमी कापड जास्त ठेवा, ते छतावर आत टाकून त्याची टोकं कॅरियरला बांधा. या पद्धतीत कापडाची लांबी तेवढी वाढवून धरायची, नाहीतर मापं चुकतील.

कॅरियर पण नाही, रेल पण नको? मग दोरी छतावरून पलीकडे. कापडाच्या गाडीकडच्या कडेला तीन ठिकाणी पक्के फास शिवा, त्यातून दोऱ्या छतावरून दुसऱ्या बाजूला न्या आणि पलीकडे जमिनीत खुंट्या ठोकून किंवा चाकाच्या रिमला बांधा. दोरीखाली जिथे जिथे पत्रा घासतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला, नाहीतर वाऱ्याने एका रात्रीत रंग जातो. चाकाला बांधणार असाल तर बांधल्याबरोबर स्टीअरिंगवर लाल फडकं अडकवायचं, हा नियमच करा, म्हणजे तसेच गाडी सुरू करून निघणार नाही.

आता चुंबकं आणि सक्शन कप. यांच्यावर लोकांचा भारी विश्वास असतो. चुंबकावर ४० किलो लिहिलेलं असतं ते जाड लोखंडी पट्टीवर, रंगाशिवाय, सरळ समोर ओढल्यावर. गाडीचा पत्रा असतो जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी, वर रंगाचे थर, आणि छपराचा ताण असतो तिरपा, म्हणजे चुंबक उचलला जात नाही, घसरतो. घसरण्याविरुद्धची ताकद लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. शिवाय छत फायबरचं किंवा अॅल्युमिनियमचं असेल तर चिकटतच नाही. सक्शन कप काचेवर बरे धरतात, पण ऊन-थंडी झाली की हवा शिरून सुटतात. म्हणून छपराचं ओझं या दोघांवर कधीच नाही. बाजूच्या फटी बंद करायला, भिंतीची कड गाडीला टेकवून ठेवायला चुंबकं झकास आहेत, रबर चढवलेली घ्या म्हणजे घसरत कमी आणि ओरखडे पण नाहीत. पेसमेकर बसवलेल्या माणसापासून आणि लहान मुलांच्या हातापासून लांब ठेवा, छोटी शक्तिशाली चुंबकं गिळली गेली तर आतड्यांना गंभीर इजा होते.

कापड

फुकटात किंवा जवळपास फुकटात हवं असेल तर खांब मोडलेला जुना तंबू शोधा. लोक खांब मोडला की अख्खा तंबू टाकून देतात आणि त्यात वॉटरप्रूफ कापड, जाळी, चेन, जमिनीवरची जाड शीट, हुक, दोऱ्या सगळं असतं. फक्त घ्यायच्या आधी कापडाची आतली बाजू बोटांनी चोळून बघा. चिकट लागली, आंबूस कुबट वास आला किंवा पांढरे पापुद्रे सुटायला लागले तर आतला लेप कुजलाय, तो धुऊन नीट होत नाही, असं कापड छपराला नको. जाळी आणि चेन काढून घ्या, बाकी सोडा.

नवीन घ्यायचं तर पॉलिएस्टर ऑक्सफर्ड, २१० डेनियर (हे धाग्याच्या जाडीचं माप), आतून पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, रात्री पाऊस आला की उठून दोऱ्या ओढत बसावं लागतं, पॉलिएस्टर त्या मानाने जागच्या जागी राहतं आणि उन्हातही जास्त टिकतं. वॉटरप्रूफपणाचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, त्याचा अर्थ कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. छपराला २००० मिमीच्या आसपास पुरेसं आहे, त्यापुढचे आकडे बघून जास्त पैसे घालवू नका, कारण पाणी कापडातून नाही, शिवणीतून येतं.

साधी प्लास्टिकची ताडपत्री? चालते, आणि पहिलं मॉडेल म्हणून तर जरूर घ्या. वाऱ्यात आवाज फार करते, उन्हाने वर्षा-दोन वर्षांत तडकायला लागते, आणि शिवली तर टाक्यांच्या भोकांवरून फाटत जाते. ती शिवायचीच नाही. जिथे दोरी बांधायची तिथे आतून गोल गुळगुळीत दगड ठेवायचा, बाहेरून कापड त्याच्याभोवती गोळा करून दगडाच्या मानेला दोरीने गाठ मारायची. आयलेटपेक्षा, म्हणजे भोकात ठोकतात त्या धातूच्या कडीपेक्षा, पक्कं बसतं आणि पाहिजे तिथे करता येतं.

जाड सुती कॅनव्हास दिसायला सुंदर आणि आत दमट कमी होतं, पण वजन आणि वाळायला लागणारा वेळ बघता व्हॅनवाल्याला मी सुचवणार नाही.

कापणं आणि शिवणं

कापडाचे पन्हे जोडावे लागतीलच, कारण पन्हा साधारण दीड मीटरचा असतो. जोड गाडीकडून बाहेरच्या बाजूला जाईल असा ठेवा, म्हणजे पाणी शिवणीच्या लांबीने वाहून जातं. शिवण आडवी आली तर प्रत्येक थेंब तिला ओलांडून जाणार. जोडाला चपटी दुहेरी शिवण घाला, जीन्सच्या पायाच्या बाजूला असते तशी, दोन्ही कापडांच्या कडा एकमेकांत अडकवून दुमडायच्या आणि त्यावर दोन समांतर टिपा.

सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचाच, सुती दोरा ऊन-पाण्याने कुजतो. टाका ३ ते ३.५ मिमी लांब ठेवा, बारीक टाके घातले की भोकं जास्त होतात आणि कापड त्या रेषेवर फाटतं. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणीचं भोक कायमचं राहतं, कपड्यांचे चिमटे किंवा कागदाच्या क्लिपा लावा. लेप दिलेलं कापड मशीनच्या पायाखाली अडकत पुढे सरकतं, त्या बाजूला पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा.

रेलसाठी दोरीची कड करायची असेल तर ५ मिमीची नायलॉन दोरी घ्या, कापडाच्या दुमडीत ठेवा आणि चेन लावायचा फूट मशीनला लावून दोरीच्या अगदी लगत टीप घाला. आधी हातभर लांबीचा नमुना करून रेलमध्ये सरकवून बघा, दोरी अधिक कापड मिळून खाचेत जायला हवं. सैल असेल तर ओढल्यावर निसटेल, घट्ट असेल तर सरकवताना दोघं जण लागतील. रेलचं तोंड कानशीने थोडं फाकवून गुळगुळीत करा, नाहीतर तिथल्या धारेवर कापड पहिल्यांदा फाटतं. सरकवायला जड जात असेल तर दोरीच्या कडेवर मेणबत्ती घासायची.

बाहेरच्या तीन कडा सरळ कापू नका. हे बऱ्याच घरगुती तंबूंमध्ये दिसतं, कड सरळ असते आणि वाऱ्यात रात्रभर फडफड करते. दोन टोकांना ताण दिला की सरळ कडेचा मधला भाग सैलच राहतो. म्हणून कड आत वळलेली कापायची, ३ मीटरच्या कडेला मधोमध १२ ते १५ सेमी आत. हा बाक हाताने काढत बसू नका. भिंतीवर किंवा मोठ्या पुठ्ठ्यावर कडेच्या लांबीएवढ्या अंतरावर दोन खिळे मारा, त्यांच्यात बारीक साखळी टांगा, मध्ये १५ सेमी झोल येईपर्यंत साखळी कमीजास्त करा आणि तिच्याकडेने पेन्सिल फिरवा. साखळी स्वतःच्या वजनाने जो बाक घेते त्यात ताण सगळीकडे बरोबर कडेच्याच दिशेने जातो. या बाकाचं गणित १६९१ मध्ये लायब्निझ, हॉयगेन्स आणि योहान बर्नूली यांनी सोडवलं, आपल्याला मात्र दोन खिळे पुरतात. पुठ्ठा कापून तोच नमुना तिन्ही कडांना वापरा, बाजूच्या कडा लहान असतील तर बाक त्या प्रमाणात कमी करा. गाडीकडची कड मात्र सरळच.

कोपरे. सगळा ताण इथे येतो. प्रत्येक कोपऱ्यावर २०-२५ सेमीचे त्रिकोणी तुकडे, निदान दोन थर जास्तीचे, आणि त्यांच्या कडा वेगवेगळ्या अंतरावर संपतील असे लावा, सगळे थर एकाच रेषेवर संपले तर कापड तिथेच फाटतं. त्यावर पिशवीच्या पट्ट्यासारखी जाड नायलॉनची पट्टी फुलीच्या आकारात शिवा आणि तिचाच फास बाहेर काढा. घरचं मशीन इतक्या थरांतून जात नसेल तर ओढाताण करू नका, चाक हाताने फिरवा नाहीतर सरळ दाभण आणि जाड दोरा घेऊन हाताने शिवा, चार कोपरे म्हणजे एका संध्याकाळचं काम. आयलेट लावणार असाल तर आतलं भोक १२ मिमीचं असलेल्या पितळी लावा, लोखंडी गंजतात आणि डाग पडतात. भोक पाडताना आयलेटच्या गळ्यापेक्षा जरा लहान पाडायचं, कापड गच्च धरलं जायला हवं.

शिवणी बंद करणं

सगळं शिवून झालं की कापड ताणून टांगा आणि प्रत्येक शिवणीवर ब्रशने सीलंट लावा. पीयू लेपाच्या कापडाला पीयूचंच सीलंट, सिलिकॉन लेपाच्या कापडाला फक्त सिलिकॉन, उलटसुलट केलं तर वाळल्यावर पट्टी बनून सोलून निघतं. कापड कुठलं आहे माहीत नसेल तर दोन तुकड्यांवर दोन्ही लावा, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघा, जे निघत नाही ते तुमचं. कोपऱ्यांवर आणि पट्ट्यांच्या टाक्यांवर दोन हात द्या.

खांब, दोऱ्या, खुंट्या

खांबाला २२ ते २५ मिमीचा अॅल्युमिनियमचा पाइप छान. वीजफिटिंगचा पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो पण पावणेदोन मीटर उभा ठेवला की बाक घेतो, तो भिंतींच्या कमानीला ठेवा. वरच्या टोकात लाकडाची गुट्टी ठोका, तिच्यात ६ मिमीचा बोल्ट डोकं कापून घाला, ३ सेमी बाहेर ठेवा, ते आयलेटमध्ये जातं. खाली म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबर.

वाऱ्याचं गणित एकदा डोळ्याखालून घाला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किमीचा वारा सरळ कापडावर आला तर चौरस मीटरला साधारण ६ किलो, ताशी ७२ किमीला २५ किलो. तीन मीटर लांब आणि १.८ मीटर उंच भिंत असेल तर पहिल्या वाऱ्यात ३४ किलोच्या आसपास आणि दुसऱ्यात १३५. वेग दुप्पट, भार चौपट. म्हणून वारा वाढतोय असं वाटलं की आधी भिंती काढायच्या, मग छप्पर खाली घ्यायचं, आणि हे अंधार पडायच्या आत.

प्रत्येक बाहेरच्या खांबाला एक नाही, दोन दोऱ्या, एकमेकींना काटकोनात. खांब १७० सेमीचा असेल तर खुंटी त्याच्या पायापासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे दोरी ४५ अंशाला येते. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं. वाळूत खुंटी धरत नाही, तिथे पिशवीत वाळू भरून दोरीला बांधून पुरायची. फरसबंदीवर २० लिटरचे पाण्याचे कॅन, आणि एका कॅनने फक्त २० किलो मिळतात हे वरच्या आकड्यांशी ताडून बघा.

प्रत्येक दोरीत सायकलच्या ट्यूबची एक रिंग कापून अडकवा. वाऱ्याचा झटका आला की आधी रबर ताणलं जातं आणि शिवणीवर धक्का येत नाही. तयार लवचीक दोऱ्या मिळतात त्यांच्यापेक्षा मला हेच जास्त आवडतं, फुकट आहे आणि तुटलं तर दुसरी रिंग कापायची.

छप्पर मोठं असेल तर मधून एक आडवा दांडा द्या, गाडीपासून बाहेरच्या कडेपर्यंत, कापडाला खालून उचलून धरणारा. टोकाला कापडात छोटी खिशी शिवली की दांडा तिथे बसतो. झोळ पडत नाही. मुसळधार पावसात आणखी एक युक्ती, एका बाहेरच्या खांबाची उंची २०-२५ सेमीने कमी करायची, सगळं पाणी त्याच कोपऱ्यातून पडतं, आणि तिथे बादली ठेवली की हातपाय धुवायची सोय.

भिंती, दार आणि गाडीखालून येणारं वारं

भिंती छपराला शिवू नका, छपराच्या कडेच्या आतल्या बाजूला १० सेमीची झालर शिवा आणि भिंत तिच्या आतून अडकवा, म्हणजे पाणी झालरीवरून बाहेर पडतं. अडकवायला वेल्क्रोपेक्षा लाकडी गुट्ट्या आणि दोरीचे फास बरे, वेल्क्रोत गवत-माती भरली की तो धरत नाही. भिंत जमिनीपासून ५ सेमी वर थांबवा आणि खाली जुन्या जाड शीटची पट्टी जोडा जी आत वळून जमिनीवर पसरेल. दाराला नायलॉनच्या गुंडाळीची, ८ किंवा १० नंबरची चेन, दोन्ही बाजूंनी उघडणारी, धातूची चेन गंजून बसते.

आणि मग एवढं सगळं करून आत बसलं की पायाला गार वारा लागतो, कारण गाडीखाली मोकळी जागा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकामधल्या अंतराएवढी एक लांब पट्टी कापा, उंची गाडीच्या खालच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत अधिक १५ सेमी, वर दर ३० सेमीला चुंबक शिवलेला खिसा, खाली साखळीचा तुकडा नाहीतर वाळूची नळी. चुंबकांचं खरं काम हेच. भिंत आणि गाडी यांच्यामधल्या उभ्या फटीत पाइपावर चढवायच्या फोमची नळी कापडाच्या खोळीत घालून दाबून बसवा.

आधी घरी

निघायच्या आधी एकदा पूर्ण उभारा आणि पाण्याच्या पाइपने वरून अर्धा तास तरी पाऊस पाडा, एक जण आत खडू घेऊन उभा राहील, जिथे ठिपका दिसेल तिथे खूण. वाळल्यावर तिथे पुन्हा सीलंट. एकट्याने उभारून बघा, एकट्याने काढून बघा.

आत काय चालवायचं नाही

बंद भिंतींच्या आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर काहीही नाही, विझत आलेले निखारे तर अजिबात नाहीत, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो आणि त्याला वास नसतो. गाडीचं इंजिन तंबू जोडलेला असताना चालू ठेवू नका. डिझेल हीटर बसवला असेल तर त्याच्या धुराचं नळकांडं कुठे उघडतं ते वाकून बघा, बऱ्याच गाड्यांत ते गाडीखाली असतं, आणि आपण आताच गाडीखालची जागा एका बाजूने पट्टीने बंद केली आहे. धूर तंबूकडे येत असेल तर हीटर चालू असताना पट्टी काढायची, किंवा नळकांडं दुसऱ्या बाजूला न्यायचं. वर एक आणि खाली एक अशी हवेची फट कायम उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, ईएन ५०२९१-२ असं लिहिलेला, तो कॅम्पर आणि बोटींसाठीच्या मानकाचा असतो. आणि बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, तंबूचं दार एक आणि गाडीचा पुढचा दरवाजा दुसरा.

आवरताना

काढायचा क्रम उलटा, आधी गाडीखालची पट्टी, मग भिंती, मग खांबांच्या दोऱ्या, आणि गाडीवरचा जोड सगळ्यात शेवटी. कापड ओलं असेल आणि निघायचंच असेल तर वेगळ्या पिशवीत टाका पण २४ तासांच्या आत उघडून वाळवा, ओलं गुंडाळून ठेवलं की काळे ठिपके पडतात आणि पीयू लेपही लवकर खराब होतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कोमट पाणी, मऊ स्पंज, साधा साबण, बस. ठेवताना दर वेळी त्याच घडीवर घडी घालू नका, नुसतं कोंबलं तरी चालेल, ठरलेल्या घडीवर लेप आधी तडकतो. पिशवीतच एक दाभण, जाड दोरा, कापडाचे चार तुकडे, ट्यूबच्या दोन-तीन रिंगा आणि दोन जास्तीच्या खुंट्या टाकून ठेवा.